गोवर आणि शरीराची आठवण



उत्तर अटलांटिक महासागरात डेन्मार्कच्या अखत्यारीतली फेरो नावाची बेटं आहेत. 1846 साली तिथं गोवराची साथ आली. वस्ती जेमतेम पावणेआठ हजारांची. त्यातले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. मुलं पडली तशी मोठी माणसंही पडली, कारण 1781 च्या साथीनंतर 65 वर्षं गोवर तिकडं फिरकलाच नव्हता. सरकारनं पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा पंचविशीतला डॉक्टर गावोगाव हिंडला. लहानपणी, 1781 मध्ये, गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला नव्हता. तेव्हा गोवर न झालेले म्हातारे मात्र या खेपेला आजारी पडले. म्हणजे राखलं ते वयानं नव्हे, पहिल्या आजाराच्या आठवणीनं.

ही आठवण आपल्या पांढऱ्या पेशींत असते. अनोळखी विषाणू आत शिरला, की काही पेशी त्याला दिसेल तिथं गिळू लागतात. तेवढ्यात त्याला नेमकं ओळखणाऱ्या मोजक्या बी आणि टी पेशी जाग्या होतात आणि झपाट्यानं वाढतात. बी पेशींची प्रतिपिंडं विषाणूला चिकटून त्याची वाट अडवतात. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी नष्ट करतात. या तयारीला पहिल्या वेळी आठवडा-दोन आठवडे लागतात. आजार सरला की यातल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागं राहतात. त्या स्मृतिपेशी. तोच विषाणू पुन्हा आला, तर त्या फार लवकर कामाला लागतात.

गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींनाच गाठतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं गेलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. गोवराची आठवण पक्की राहते, पण शरीरानं आजवर कमावलेली बाकीची ओळख पुसली जाते. पुरळ मावळलं, ताप उतरला, तरी ते मूल पुढं दीर्घकाळ इतर आजारांपुढं उघडं पडतं. म्हणून ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ असं म्हणून तो अंगावर काढणं धोक्याचं आहे.

लशीत हाच विषाणू दुबळा करून दिलेला असतो. तो गोवराची आठवण घडवतो आणि बाकीच्या आठवणींना धक्का लावत नाही. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण तोवर आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि ती लशीचा परिणाम कमी करतात. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. पहिल्या डोसला ज्यांच्या शरीरानं दाद दिलेली नसते, ती मुलं या दुसऱ्या डोसनं सुरक्षित होतात.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. हे मरण टाळता येणारं होतं, याचं दुःख मोठं आहे. आजच घरातल्या मुलांचं लसीकरण कार्ड पाहा. डोस राहिला असेल, तर आशाताईंना विचारा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. उशीर झाला म्हणून संकोचू नका. राहिलेला डोस नंतरही देता येतो, आणि सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो.