वाहता गळ आणि तळचा गळ



सोनईच्या पंचक्रोशीत उसावर, कांद्यावर, दुभत्या जनावरांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. गळाने मासे धरण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तसे पाहिले तर पाणी आपल्यापासून लांब नाही. राहुरीकडून येणाऱ्या मुळेवर डिग्रस, मानोरी, मांजरी, वांजुळपोई असे बंधारे आहेत. नेवाशाला प्रवरा आहे, प्रवरासंगमाला गोदावरी आहे, आणि 1976 साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी आपल्या तालुक्याला येऊन भिडले आहे. सुट्टीच्या दिवशी काठावर काठी घेऊन बसलेली माणसे आपण पाहतोच. त्यांतला एखादा दिवसभर बसून हात हलवीत घरी येतो, आणि शेजारचा तासाभरात दोन मासे धरतो. लोक म्हणतात, त्याचे नशीब. पण बहुतेक वेळा फरक एवढाच असतो की मासा कोणत्या थरात चरतो आहे, हे दुसऱ्याने ओळखलेले असते.

हा छंद साहेबलोकांनी आणला, असा काहींचा समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मत्स्यविनोदाचे वेगळे प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांची आमिषे आणि गळ टाकण्याची रीत सांगितली आहे. म्हणजे आपल्या दख्खनच्या नद्यांवर ही विद्या आठ-नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदण्याइतकी मुरलेली होती.

आता माशाचे तोंड पाहा. गुरुजींना हा धडा बाजारातल्या तीन माशांवर शिकविता येईल. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते, कारण तो वरच्या थरात चरतो. रोहूचे तोंड किंचित खाली, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात वावरतो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला असते आणि तो तळाशी चरतो. शिंगाळा आणि वाम हेही तळाचेच. एकाच डोहात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे नांदतात म्हणा ना! वरच्या बिऱ्हाडाचे जेवण तळघरात नेऊन ठेवले तर ते कोण खाणार?

यावरून गळ टाकण्याच्या दोन रीती निघतात. एक वाहता गळ, दुसरा तळचा गळ.

वाहत्या गळाच्या दोरीला पाण्यावर तरंगणारे बूच असते. बुचाखाली शिशाचा लहानसा मणी, आणि त्याखाली वीतभर अंतरावर आमिष लावलेला गळ. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तेव्हा धारेच्या वरच्या अंगाला गळ टाकावा आणि बुचाबरोबर काठीचे टोक हळूहळू फिरवीत न्यावे. दोरी ताठ धरू नये. ताणलेल्या दोरीने आमिष धारेत अडते. पाण्याबरोबर आलेला घास अडत नसतो, म्हणून माशाला संशय येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरचे पाणी वेगाने जाते, तळचे पाणी जमिनीला घासत सावकाश जाते. म्हणून आमिष खोल असेल तेव्हा बूच किंचित रोखून धरावे लागते. मुलांना हे ओढ्यावर दाखविता येते. एक कोरडे पान पाण्यावर सोडावे आणि पाण्याने जवळजवळ भरलेली, जेमतेम बुडणारी बाटली त्याच वेळी सोडावी. पान पुढे निघून जाते.

खोली कशी ठरवायची? गळाला जरा जड वजन अडकवून दोरी सरळ खाली सोडावी. बूच पाण्यात ओढले गेले तर खोली जास्त आहे, बूच वर सरकवावे. बूच आडवे पडले तर वजन तळाला टेकले आहे. बूच नेमके उभे राहील तेथे खुणेची गाठ मारावी. मग कटल्यासाठी आमिष बरेच वर घ्यावे, रोहूसाठी मध्यावर, आणि मृगळासाठी तळापासून चार बोटे वर ठेवून वाहू द्यावे. पाणी साचलेले असेल तर धारेचे काम वारा करतो. वारा पाठीवर घेऊन बसावे, म्हणजे बूच आपोआप आत जाते.

तळचा गळ याच्या उलट. तेथे बूच लागत नाही. आरपार भोक असलेली शिशाची गोळी दोरीत ओवावी, आणि गळापासून दीड वीत अंतरावर गाठ मारावी, म्हणजे गोळी त्याखाली येणार नाही. गोळी तळाला पडून राहते, पण दोरी तिच्या भोकातून मोकळी सरकते. माशाने आमिष उचलले तरी वजनाचा झटका त्याला लागत नाही, आणि खबर आपल्या बोटाला पोहोचते. दोरी हलकी ताठ ठेवून बोट लावून बसावे, नाहीतर काठीच्या टोकाला घुंगरू बांधावे. खडकाळ तळ असेल तर वजन वेगळ्या, कच्च्या दोऱ्याने लटकवावे. दगडात अडकले तर तेवढेच तुटते. गळ व दोरी वाचते. जागा निवडताना उथळ पाणी एकदम खोल होते ती कड शोधावी. शिंगाळा दिवस मावळताना तेथे चरायला येतो.

आमिषाला गांडूळ सर्वांत सोपे. रोहू-मृगळासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळून घट्ट गोळी करावी. थोडा कापूस मळला तर ती पाण्यात लवकर सुटत नाही. बूच थरथरले की लगेच हिसका देऊ नये. ते बुडू लागले किंवा एका दिशेने चालू लागले की मग मनगटाने ओढ द्यावी. तळाच्या माशाने आमिष उचलले तर बूच कधी कधी बुडण्याऐवजी वर उठून आडवे होते. तीही खूणच आहे. शिंगाळ्याला उघड्या हाताने धरू नका. त्याच्या परांचे काटे खोल लागतात. ओले फडके घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. बंधाऱ्यातला मासा बेवारशी नसतो. रोहू, कटला, मृगळ यांची पैदास वाहत्या पुराच्या पाण्यात होते, साचलेल्या तलावात सहसा होत नाही. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावले, आणि तेव्हापासून तलावांत सोडायला हवे तेवढे बीज तयार करता येऊ लागले. हे बीज पैसे देऊन आणावे लागते. पुष्कळ तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यावर भोई बांधवांची चूल पेटते. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारावे. जायकवाडीचे पाणी तर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे वनखात्याचे नियम लागतात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्याने वीतभर पिल्लेही मरतात. गळाचे तसे नाही. गळाला लागलेला मासा जिवंत हातात येतो. तो लहान असेल, किंवा आषाढ-श्रावणात अंड्यांनी पोट फुगलेली मादी असेल, तर हात ओला करून गळ सोडवा आणि तिला पाण्यात सोडा. पुढच्या साली नदीत काय उरेल, ते या एका सवयीवर पुष्कळसे अवलंबून आहे.

तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका. पक्ष्यांचे पाय तीत अडकतात. शिसे विषारी आहे, ते दातांनी दाबू नका. गळ टाकताना डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहा. धरणातून पाणी सोडले की बंधाऱ्याखालचे पात्र पाहता पाहता भरते. म्हणून दारांच्या तोंडाशी बसू नका, आणि पोरांना एकटे पाठवू नका. शिक्षक बंधूंनी वर्गात आणखी काही सांगितले नाही, तरी एवढे अवश्य सांगावे.