अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्या या सभागृहात शेतीचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु येथे जमलेल्यांपैकी अनेकांचे मूळ घर कोकणात वा देशावर आहे. त्या घराला कुलूप आहे, वाटणीत आलेली थोडी जमीन पडीक आहे, आणि नोकरी सोडून तेथे जावे, आपल्या हातांनी आपले अन्न पिकवावे, ही इच्छा मनात वर्षानुवर्षे वास करून आहे. अशा इच्छेला बहुधा जपानच्या मासानोबू फुकुओकांचे उदाहरण दिले जाते. शहर सोडले, गावी गेले, निसर्गावर सारे सोपवले आणि भरघोस पीक घेतले, अशी ती गोष्ट. पण ही गोष्ट अर्धी आहे.

फुकुओकांचा जन्म १९१३ साली शिकोकू बेटावर झाला. घरी भाताची खाचरे आणि टेकडीवर संत्र्याच्या कुळातील फळांची बाग होती. वनस्पतिरोगांचे शिक्षण घेऊन ते योकोहामा बंदरातील जकात कार्यालयात वनस्पती-तपासणीच्या कामावर रुजू झाले. पंचविशीत गंभीर आजार झाला. त्यानंतरच्या अस्वस्थतेत एके पहाटे बंदराजवळ त्यांना असे जाणवले, की मनुष्याचे ज्ञान आणि खटपट दोन्ही व्यर्थ आहेत. १९३८ साली राजीनामा देऊन ते गावी परतले आणि वडिलांनी बाग त्यांच्या स्वाधीन केली.

येथेच राहिलेला अर्धा भाग सुरू होतो. निसर्ग सर्व काही करतो, या निष्ठेने त्यांनी छाटणी थांबवली. फळे सहज तोडता यावीत म्हणून वडिलांनी त्या झाडांना आधीच मद्याच्या प्याल्यासारखा आकार दिला होता. मोकळी सुटताच फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि बाग वाळून गेली. वडिलांच्या आयुष्याची मिळकत मुलाच्या साक्षात्कारापायी गेली, असे त्या गावात कोणी म्हटले असेल तर त्यास दोष देता येणार नाही! हे निसर्गशेती करणे नव्हते, सोडून देणे होते, हा भेद फुकुओकांनी पुढे स्वतःच आपल्या पुस्तकात निःसंकोचपणे लिहिला. माणसाने एकदा कात्री लावलेले झाड आपला मूळ आकार विसरते. त्याला तो परत मिळेपर्यंत माणसालाच सांभाळावे लागते.

त्यानंतर ते पुन्हा नोकरीत गेले. कोची प्रांतातील कृषी संशोधन केंद्रात रोग-कीड नियंत्रणाचे काम त्यांनी काही वर्षे केले आणि युद्ध संपल्यावर गाव कायमचे धरले. पुढची पद्धत अनेक वर्षांच्या निरीक्षणातून घडली. नांगरणी नाही, रासायनिक खत नाही, खुरपणी नाही, औषधफवारणी नाही, एवढे ऐकून हा आळशाचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात उभ्या भातातच पांढऱ्या क्लोव्हरचे आणि हिवाळी धान्याचे बी फेकण्याचा दिवस चुकवून चालत नाही. उंदीर व पाखरे खाऊ नयेत म्हणून भाताचे बी चिकणमातीच्या गोळ्यांत घालावे लागते. पावसाळ्यात शेतात पाणी आठवडाभरच धरायचे, तेवढ्याने तण आणि क्लोव्हर खचतात आणि भात वर येतो. पेंढा न तोडता शेतावर परत पसरायचा, तोही वेडावाकडा, कारण नीट ओळीत घातला तर खालचे कोंब वर येत नाहीत. भातावर भाताचा पेंढा घालायचा नाही, रोग पसरतो, जवाचा घालायचा. ‘काहीही न करण्याची’ शेती म्हणतात ती ही. पाव एकरात सुमारे ५९० किलो भात निघाल्याचे त्यांनी लिहिले आहे, आणि तेवढ्या शेतावर पाच ते दहा माणसे पोसतील, असेही.

पैशाचा हिशेबही विसरता कामा नये. भाताने पोट भरे, तरी रोख रक्कम टेकडीवरची फळे शहरात विकूनच येत असे. सत्तरच्या दशकात शहरांतून आलेले तरुण त्या टेकडीवर मातीच्या झोपड्यांत राहिले. तेथे वीज नव्हती, नळ नव्हता, पाणी झऱ्यावरून आणावे लागे.

नर्मदेच्या काठी या विचाराची जवळची नोंद सापडते. होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरमजवळच्या रसुलिया येथे क्वेकर पंथीयांच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने सत्तरच्या दशकाअखेर ही शेती सुरू केली. तेथे तिला ‘ऋषी खेती’ हे नाव मिळाले. तवा धरणाच्या कालव्यांचे पाणी काळ्या, खोल जमिनीत साचून ती बिघडू लागली, तेव्हा ‘मिट्टी बचाओ’ची हाक त्याच परिसरातून उठली होती. १९८८ साली, मॅगसेसे पुरस्काराच्या वर्षी, फुकुओका स्वतः तेथे येऊन गेले. शिकोकूचे वेळापत्रक मात्र तेथे जसेच्या तसे उचलता येण्याजोगे नव्हते. शिकोकूत ज्या काळात शेत हिरवे असते, त्या चैत्र-वैशाखात नर्मदेची माती भेगाळलेली असते.

म्हणून कुलूप उघडायला निघालेल्याने प्रथम गावी राहिलेल्या चुलत्यापाशी बसावे. पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, विहिरीचा झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या आंब्याला शेवटची छाटणी कधी झाली आणि ती कोणी केली, हे त्याला विचारावे. बियाण्याची चौकशी त्यानंतर.