भय आणि जिज्ञासा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी 'भय आणि जिज्ञासा' असे कळवून टाकले होते. बरोबर काही पुस्तकी टाचणेही आणली होती. परंतु काल रात्री ज्यांच्याकडे उतरलो, त्या घरातल्या वृद्ध मावशी भाकरी वाढता वाढता जे बोलल्या, त्यामुळे ती टाचणे आज पिशवीतच राहिली आहेत. त्या म्हणाल्या, "मोठा हादरा आला अन् गेला. पण आता उंदरानं डबा पाडला तरी काळीज हालतंय. रात्री दिवा मालवू वाटत नाही."

हा अनुभव त्यांच्या एकटीचा नाही, हे तुम्ही जाणता. 21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का या भागाने सोसला. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. त्याचे केंद्र तर तुमच्याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंद्याला जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. आणि मराठवाड्यात भूकंप हा शब्द उच्चारला की 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हा येथील माणूस भितो, यात त्याचा भित्रेपणा मुळीच नाही. भय हा जिवाचा राखणदार आहे. फक्त हा राखणदार रात्रभर ओरडत बसला, तर घरातले निजणार कसे, एवढाच प्रश्न आहे.

भय वाढते कशाने? मानसोपचार करणारे सांगतात की, ते पळण्याने वाढते. ज्या खोलीची भीती वाटते तिच्यातून माणूस बाहेर पडला की त्याला हायसे वाटते. ते हायसे वाटणे खरे असते. पण त्यातून मन धडा असा घेते की, पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी त्या खोलीच्या उंबरठ्यावरच छाती धडधडू लागते. तिसऱ्या दिवशी अंगणसुद्धा नकोसे होते. खोलीत खरोखर काय होते, हे पाहायचे मात्र राहूनच जाते.

याच्या उलट वाट मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने 1924 साली दाखविली. पीटर नावाचा तीन वर्षांचा एक मुलगा सशाला भीत असे. त्याला कोणी 'भिऊ नकोस' असा उपदेश केला नाही, की ससा त्याच्या अंगावर टाकला नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला. मग रोज थोडा जवळ आणला. सशाबरोबर निर्धास्त खेळणारी मुले त्याच्या दृष्टीस पडू दिली. शेवटी पीटरने स्वतःच सशाला कुरवाळले. भीतीच्या वस्तूला पायरीपायरीने सामोरे जाण्याचे आजचे उपचार याच वाटेने पुढे गेले आहेत. त्यांत रोग्याला आधी विचारतात, 'तुमच्या मते काय होईल?' मग तो अनुभव घेतल्यावर विचारतात, 'प्रत्यक्षात काय झाले?' या दोन प्रश्नांमधल्या जागेत जिज्ञासा पाय ठेवते.

आपल्या महाराष्ट्रातले याचे मोठे उदाहरण बाबा आमटे यांचे. तरुण वयात आगगाडीत गोऱ्या शिपायांशी झुंजून त्यांनी एका स्त्रीचे रक्षण केले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. हाच अभयसाधक वरोऱ्याला पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून पळाला! पळाला, परंतु स्वतःच्या पळण्याकडे त्याने डोळेझाक केली नाही. तो परत गेला. तुळशीरामासाठी आडोसा केला, त्याला खाऊ घातले, अखेरपर्यंत त्याची सेवा केली. एवढ्यानेही मनातली भीती गेली नाही. मग बाबांनी त्या रोगाचाच अभ्यास मांडला. वरोऱ्याच्या दवाखान्यात रोग्यांत काम केले, 1949 साली कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले. 'मला होईल का?' हा प्रश्न मागे पडला आणि 'हा रोग आहे तरी काय?' हा पुढे आला. आनंदवन त्यानंतर उभे राहिले. धैर्य आधी आले आणि मग ते पाहू लागले, असे झाले नाही. पाहता पाहता धैर्य येत गेले.

आता हीच रीत आपल्या घरात आणू या. 'भूकंप पुन्हा होईल का?' असे भय विचारते. या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता भूकंप होईल हे आजचे शास्त्रही सांगू शकत नाही. उत्तर नसलेला प्रश्न रात्रभर घोळवला तर झोप जाणारच. जिज्ञासेचे प्रश्न निराळे असतात. 4.5 आणि किल्लारीचा सुमारे 6.2 यांत अंतर किती? आकड्यात पावणेदोनाचेही नाही, पण मोकळ्या झालेल्या शक्तीत ते साडेतीनशे पटींच्या आसपास आहे. आवाज का येतो? लहान, उथळ धक्क्यांच्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात म्हणून. किल्लारीला माणसे कशाने गेली? बहुतेक जण दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे झोपेत अंगावर कोसळून गेले. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: माझ्या घरात माझ्या अंगावर काय पडेल? याचे उत्तर मात्र आजच मिळते. पत्र्यावर ठेवलेले धोंडे, भेगाळलेली भिंत, खाटेवरची जड फळी. येथे जिज्ञासा हाताला काम देते.

एक वही ठेवा. धक्का जाणवला तर आधी उघड्यावर या, जिज्ञासेपायी घरात थांबू नका. मग वेळ लिहा, आवाज होता की हादरा, कोणती भांडी वाजली, तुम्हांला काय होईल असे वाटले आणि काय झाले. मुलांना त्या वहीत लिहू द्या. लिहिणाऱ्या मुलाचे लक्ष स्वतःच्या थरथरीवरून भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या भीतीवर हा प्रयोग जबरीने करू नका. सशाची पायरी पीटरच्या कलाने ठरत होती. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्याखाली गमावली, ज्यांना महिनोन्‌महिने झोप नाही, त्यांना व्याख्यान पुरत नाही. त्यांनी डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि त्यावर पैसे लागत नाहीत.

आज सकाळी मी मावशींना विचारले, "तुमच्या खाटेच्या वर काय आहे?" त्या क्षणभर थांबल्या, वर पाहिले आणि हसल्या. फळीवर तांब्याचे मोठे घंगाळ होते. नातवाने आणि मी मिळून ते खाली उतरवले. आज रात्री त्या दिवा मालवतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण घंगाळ आता जमिनीवर आहे.