धुळीतील रेषा



डहाणू तालुक्यातील एक वारली बालक लहानपणीच मातृसुखास पारखा झाला. त्या आघाताने त्याने बोलणेच सोडले. मनातील गोष्ट तो धुळीत रेषा ओढून सांगे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. या मुलाने मात्र गुरूवाचून, समारंभाची वाट न पाहता, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने झाडे, पाखरे व शेते नित्य रेखाटली. पुढे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला. तोच मुलगा म्हणजे जिव्या सोमा मशे. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री हा किताब लाभला. २०१८ साली ते कालवश झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातही घरी गोंडी वा माडिया बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे गप्प बसते. त्याला मंद ठरविण्याची घाई करू नये. त्याच्या हाती खडू द्यावा. त्याने मोहाचे झाड काढले, तर त्याचे नाव प्रथम त्याच्याच बोलीत विचारावे, मग मराठीत सांगावे. फळ्यावरील नमुन्याची नक्कल करण्याची सक्ती नसावी. आणि त्याची पाटी पुसण्यापूर्वी तीवरील चित्र शिक्षकाने एकदा नीट पाहावे.