मांडवातली वीज आणि मंचावरची वाद्ये



आम्ही गायन पार्टीची माणसे, भाषणाची सवय नाही. मंडळाने आग्रह केला म्हणून जयंतीच्या मंचांवर जे भोगले तेच आपणासमोर मांडतो.

हार्मोनियम-ढोलकीवर गाणे असे तेव्हा वीज गेली तरी गॅसबत्तीच्या उजेडात कार्यक्रम चाले. आता की-बोर्ड, ऑक्टोपॅड, मिक्सर आले. एका गावी ऐन रंगात मंचावरचे दोन-चार बल्ब एकदम प्रखर झाले, पलीकडचे हॅलोजन मंदावले आणि आमच्या की-बोर्डच्या अॅडॉप्टरमधून धूर निघाला. की-बोर्डचे हप्ते अजून फिटायचे होते. दोष कोणाचा यावर रात्रभर वाद झाला. कारण साधे होते. मांडवात थ्री-फेज वीज घेतलेली, पण न्यूट्रलची तार नुसती पिळून जोडलेली, ती सुटली. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथे २३० व्होल्टचा दाब ४०० च्या दिशेने चढतो. अशा वेळी फ्यूजच्या भरवशावर राहता येत नाही. तो जादा प्रवाहाने वितळतो, जादा दाबाने नव्हे.

तेव्हापासून वाद्ये जोडण्याआधी आम्ही मल्टिमीटर लावतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसावेत. मग मांडवातले सगळे दिवे लावायला सांगून पुन्हा मोजतो. आकडा फार हलला, तर जोड पक्का होईपर्यंत पेटीतून वाद्य काढत नाही. मंडपवाले वैतागतात. वैतागू द्यावेत.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. स्पीकरमधून घुं घुं आवाज आला की काही साउंडवाले प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा. पण अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर वीज त्याच्या पत्र्यात उतरते आणि केबलच्या जाळीतून माइकपर्यंत पोहोचते. आमच्या एका गायकाच्या ओठाला असाच झटका बसला. मैदानावर सडा मारलेला, पाय अनवाणी. नशिबाने वाचला. आवाज घालवायचा तर वाद्ये आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यावेत, नाहीतर मध्ये डी.आय. बॉक्स लावावा. अर्थिंग तोडू नये. शिवाय ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच मुख्य बोर्डावर हवाच.

जनरेटर असेल तर तो स्थिर झाल्यावरच वाद्ये लावावीत आणि डिझेल संपण्याआधी काढावीत. की-बोर्ड-मिक्सरला लहान यूपीएस पुरतो, अॅम्प्लिफायर त्यावर टाकू नये. चालू करताना अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. अॅडॉप्टर बदलताना व्होल्ट आणि अधिक-उणे खूण दोन्ही पाहावे.

संयोजकांना एक स्पष्ट सांगतो, राग मानू नये. वर्गणीतून रोषणाईला पैसे निघतात, अर्थिंगच्या तारेला निघत नाहीत. तारेवर आकडा टाकून मांडव उजळवता येतो, पण त्या विजेच्या भरवशावर गायकाला उभे करता येत नाही. तात्पुरते मीटर रीतसर मागून घ्यावे.

मल्टिमीटर सोबत आणला आहे. आय.टी.आय.च्या मुलांनी पुढे यावे, याच मंचाचा बोर्ड मोजून दाखवतो. जरा सगळे दिवे लावा.