वरचढ प्रतिस्पर्ध्याशीं गांठ

पूल हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें नदी उभी राहते. येथें ज्या पुलाविषयीं सांगावयाचें आहे त्याखालून पाणी वाहत नाहीं. तें सहा पॉकेटांचें, कापडानें मढविलेलें एक टेबल आहे. बिलियर्ड्‌स, स्नूकर आणि पूल हीं एकाच कुळांतलीं भावंडें. ज्यानें घरीं कॅरम खेळला आहे त्याला या खेळाचें मर्म कळण्यास अडचण पडूं नये. स्ट्रायकरच्या जागीं पांढरा चेंडू, बोटाच्या जागीं क्यू नांवाची निमुळती काठी, आणि सोंगट्यांच्या जागीं १ ते १५ आंकड्यांचे रंगीत चेंडू अशी कल्पना केली म्हणजे झालें.

या खेळाचा 'एट-बॉल' हा प्रकार फार लोकप्रिय आहे. त्यांत एका खेळाडूच्या वांट्यास १ ते ७ हे भरीव रंगाचे चेंडू येतात, दुसऱ्याच्या वांट्यास ९ ते १५ हे पट्ट्यांचे. आपले सात चेंडू आधीं पॉकेटांत घालावयाचे व शेवटीं ८ आंकड्याचा काळा. तो ज्यानें नियमानें घातला त्याचा डाव. चेंडू जात आहे तोंवर पाळी त्याचीच. चुकला कीं टेबल दुसऱ्याच्या हातीं. नियमभंग झाला, म्हणजे पांढरा चेंडू पॉकेटांत पडला किंवा तो आपल्या चेंडूला प्रथम लागला नाहीं, तर प्रतिस्पर्ध्यास पांढरा चेंडू उचलून वाटेल तेथें ठेवतां येतो. दुबळ्या खेळाडूची सारी युक्ति या नियमांच्या पोटांत दडलेली आहे.

वरचढ खेळाडू समोर उभा राहिला म्हणजे सामान्य खेळाडूच्या मनांत एक विचित्र विकार उत्पन्न होतो. एरवीं ज्या अवघड फटक्याच्या वाटेस तो गेला नसता, तोच फटका आज त्याला खुणावूं लागतो. "याच्यापुढें साधें खेळून काय होणार?" असें तो मनाशीं म्हणतो आणि टेबलाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चेंडू मारावयास जातो. दहांतून एखादे वेळीं तो जातो आणि बघे टाळ्या वाजवितात. उरलेल्या नऊ वेळीं चेंडू पॉकेटाच्या तोंडाशीं थबकतो आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर, प्रतिस्पर्ध्यास हवा तसा, येऊन उभा राहतो. अशा वेळीं आपण प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्यानें हरलों असें त्याला वाटतें. वस्तुतः तो आपल्याच अधीरतेनें हरलेला असतो.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. कित्येकांची अशी समजूत असते कीं, जितके आपले चेंडू लवकर जातील तितका विजय जवळ. म्हणून सहा चेंडू भराभर घातले जातात आणि सातवा कोठें तरी अडकून बसतो. आतां टेबलाकडे पाहावें: वाटेंत उभे राहून प्रतिस्पर्ध्यास अडथळा करणारे सहा पहारेकरी या गृहस्थानें स्वहस्तें दूर केलेले असतात. वरचढ खेळाडूला इतकी मोकळी वाट मिळाल्यावर तो सातही चेंडू आणि काळा सहज घेऊन जातो. एवंच, डाव एका दमांत पुरा करतां येईल अशी खात्री नसेल, तर आपले चेंडू जागच्या जागीं राहूं देण्यांतच लाभ असतो. विशेषतः पॉकेटाच्या तोंडाशीं बसलेला आपला चेंडू तें पॉकेट दुसऱ्यास बंद करतो. त्याला घाई करून घालवूं नये.

मग दुबळ्यानें खेळावें तरी काय? त्याचें उत्तर एका प्रश्नांत आहे. फटका मारण्यापूर्वीं त्यानें स्वतःस विचारावें, "हा चुकला तर मागें काय उरेल?" ज्या फटक्यांत चेंडू गेला तर पाळी राहते आणि चुकला तरी पांढरा दूर, कांठाला चिकटून उभा राहतो, तो फटका त्याचा. तसा फटका नसेल तर चेंडू घालण्याचा मोह सोडून पांढरा आपल्या चेंडूआड लपवावा. मात्र आपल्या चेंडूला स्पर्श झाल्यावर कोणता तरी चेंडू कांठाला लागला पाहिजे, नाहीं तर तो नियमभंगच. प्रतिस्पर्ध्यास सरळ वाट राहिली नाहीं म्हणजे त्याला कांठावरून उलट फिरवून मारावें लागतें. तेथें तो चुकला कीं पांढरा चेंडू दुबळ्याच्या हातांत येतो. आणि चेंडू हातांत असतांना दोघांच्या कौशल्यांतलें अंतर फारच थोडें उरतें. प्रतापगडाच्या पायथ्याशीं १६५९ सालीं जें घडलें त्याचें मर्म मराठी माणसास निराळें सांगावयास नको. प्रबळाशीं मोकळ्या मैदानांत गांठ घालूं नये. आपल्या सोयीच्या जागेंत त्याला आणावें.

सामना किती डावांचा असावा हें ठरविण्याची संधि मिळाली, तर गणिताचाही सल्ला घ्यावा. समजा, वरचढ खेळाडू शंभर डावांपैकीं साठ जिंकतो. एकाच डावाचा सामना असेल तर दुबळ्यास शंभरांत ४० संधि आहेत. तीन डावांपैकीं दोन जिंकावयाचे असतील तर त्या ३५ वर येतात, आणि नवांपैकीं पांच जिंकावयाचे असतील तर सुमारें २७ वर. सामना जितका लांब तितका नशिबाचा भाग कमी आणि कौशल्याचा अधिक. म्हणून दुबळ्यानें आखूड सामना मागावा, हाच हिशेबी मार्ग.

परंतु लांब सामना वांट्यास आला तर हाय खाण्याचें कारण नाहीं. पुलाचें भावंड जें स्नूकर, त्याच्या इतिहासांत याचा एक ठळक दाखला आहे. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९८५ सालीं एप्रिलच्या २७ व २८ तारखांस जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. प्रथम १८ डाव जिंकील तो विजयी. एका बाजूस २७ वर्षांचा स्टीव्ह डेव्हिस, १९८१, १९८३ आणि १९८४ सालचा विजेता. दुसऱ्या बाजूस ३६ वर्षांचा आयरिश खेळाडू डेनिस टेलर, ज्याला हें पद तोंवर एकदांही मिळालें नव्हतें. पहिले आठही डाव डेव्हिसनें जिंकले. नवव्या डावांत मात्र डेव्हिसचा एक हिरवा चेंडू चुकला, आणि टेलरला पहिला डाव मिळाला. पहिल्या दिवसाच्या अखेरीस आंकडे ९–७ असे झाले. दुसऱ्या दिवशीं डेव्हिस पुढें १७–१५ वर पोंचला. टेलरनें दोन डाव घेऊन १७–१७ अशी बरोबरी केली.

निर्णायक डाव ६८ मिनिटें चालला. डेव्हिसचे ६२ गुण, टेलरचे ४४. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा हे चारच चेंडू, आणि त्यांचे मिळून गुण २२. म्हणजे टेलरला चारही हवे होते. त्यानें तीन घेतले. काळ्यासाठीं दोघांनींही प्रयत्न केले आणि चुकले. अखेर डेव्हिसचा एक बारीक काप थोडक्यांत हुकला आणि पुढच्याच फटक्यास टेलरनें काळा घातला. साऱ्या सामन्यांत टेलर प्रथमच पुढें गेला तो त्या शेवटच्या चेंडूवर. आठ डावांचें ओझें पाठीवर घेऊन तो नववा डाव खेळता, तर ही वेळ आलीच नसती. त्यानें प्रत्येक डाव नवा मानला.

एक गोष्ट येथें स्पष्ट केली पाहिजे. उगाच वेळ काढणें, प्रतिस्पर्धी नेम धरीत असतां हालचाल करणें, बोलून त्याचें चित्त विचलित करणें हे प्रकार युक्तींत मोडत नाहींत; तो असभ्यपणा होय. बचावाचा फटका ही कला आहे आणि तिचाही सराव करावा लागतो. रोज तासभर चेंडू घालणाऱ्यानें त्यांतलीं पंधरा मिनिटें तरी पांढरा लपविण्यास द्यावीं.

इतकें करूनही वरचढ खेळाडू बहुधा जिंकेलच. कौशल्यास त्याचें फळ मिळावें हें न्याय्यच आहे. परंतु दुबळ्याच्या हातून फुकट मिळालेला विजय आणि एकेका चेंडूसाठीं घाम गाळून मिळविलेला विजय यांत फार अंतर असतें, आणि तें अंतर समोरच्या जाणत्या खेळाडूस ताबडतोब कळतें. सामना संपल्यावर तो हस्तांदोलनास पुढें येतो तेव्हां हात किंचित् अधिक घट्ट धरतो. हरणाऱ्यास तेवढें पुरे. पुढच्या खेपेस तोच खेळाडू अवघड फटक्याचा मोह पडतांच क्षणभर थांबतो, क्यूला खडू लावतो, आणि मागें काय उरेल याचा विचार करूं लागतो.