लहान अंगणातील खेळ : फुटसाल



खेळाच्या तासाला चेंडू एक आणि मुले चाळीस असली म्हणजे काय होते, हे कोणाही शिक्षकास निराळे सांगावयास नको. चार-पाच दांडगी मुले चेंडू आपसांत फिरवितात, उरलेली कडेला उभी राहतात आणि मुली बहुधा ओसरीवर बसून पाहतात. या मुलामुलींना खेळाची आवड नसते असे नव्हे; जागा आणि नियम त्यांच्या मापाचे नसतात. अशीच अडचण सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका दूरदेशीच्या शिक्षकापुढे उभी राहिली होती.

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या लहानशा देशाने १९३० साली फुटबॉलचा पहिला जागतिक चषक जिंकला. राजधानी माँटेव्हिडिओ येथील मुलांना या खेळाचे वेड लागले. परंतु मैदाने अपुरी होती आणि पावसात तीही निरुपयोगी ठरत. तेथील वाय. एम. सी. ए. संस्थेतील व्यायामशिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी मोठ्या मैदानाची वाट पाहिली नाही. बास्केटबॉलच्या अंगणावरच त्यांनी फुटबॉल बसविला. बास्केटबॉलपासून अंगण व पाच गडी घेतले, हँडबॉलपासून लहान गोल घेतला आणि वॉटरपोलोपासून गोलरक्षकाविषयीचे काही नियम उचलले. दिवाणखान्यातील फुटबॉल अशा अर्थाच्या स्पॅनिश व पोर्तुगीज शब्दांचा संक्षेप होऊन त्यास पुढे फुटसाल हे नाव मिळाले.

या खेळाची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. अंगण साधारणतः ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे मोठ्या फुटबॉल मैदानाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याएवढे. गोल ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. चेंडू आकाराने किंचित लहान व मुद्दाम कमी उसळणारा असतो. २ मीटर उंचीवरून सोडला असता तो ५० ते ६५ सेंटिमीटरपर्यंतच उसळावा, असा नियम आहे. त्यामुळे लाथ जोराने मारणाऱ्यापेक्षा चेंडू पायाशी धरून ठेवणाऱ्याचे अधिक चालते. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांच्या आत खेळात आणावा लागतो. प्रत्येक अर्धातील संघाचे अपराध मोजले जातात आणि सहाव्या अपराधापासून प्रतिपक्षास अडथळ्याची भिंत नसलेला फटका मिळतो. सबब धसमुसळेपणा महाग पडतो. मात्र शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा नियम निराळाच आहे. राखीव गडी खेळ न थांबवता, कितीही वेळा आत येऊ शकतात व बाहेर गेलेला गडी पुन्हा परत येऊ शकतो. कडेला बसणे हे येथे शिक्षा नसून क्षणभराची विश्रांती असते. (एक सावधगिरी : काँक्रीट वा डांबराचे अंगण या खेळास योग्य नव्हे, त्यावर गुडघे फुटतात.)

राष्ट्रीय संघांसाठी युवकांच्या स्पर्धा मात्र उशिराच सुरू झाल्या. आशियातील वीस वर्षांखालील मुलांची पहिली स्पर्धा २०१७ मध्ये बँकॉक येथे भरली व इराणने ती जिंकली. युरोपातील एकोणीस वर्षांखालील मुलांची पहिली स्पर्धा २०१९ मध्ये लाटव्हियाच्या रीगा शहरी झाली व तीत स्पेन विजयी ठरला. या दोन्ही स्पर्धा मुलांच्या. मुलींच्या दृष्टीने विचार करता ऑक्टोबर २०१८ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयरिस येथे भरलेली युवक ऑलिंपिक स्पर्धा अधिक महत्त्वाची होय. त्या वेळी तेथे फुटबॉलऐवजी प्रथमच फुटसाल खेळविण्यात आले, आणि मुलांचे दहा तसेच मुलींचेही दहा संघ बोलाविण्यात आले. अंगण तेच, गोल तोच, नियम तेच.

एका देशास मुलांचा किंवा मुलींचा, दोहोंपैकी एकच संघ पाठविता येत असे. यामुळे सॉलोमन बेटांची मुले व टोंगाच्या मुली अशा चिमुकल्या राष्ट्रांनाही स्थान मिळाले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु निवड करावयाची वेळ आली की एकाच्या घरी मुलगा जातो व मुलगी राहते, ही अडचण मोठमोठ्या देशांनाही चुकली नाही. ब्राझीलने मुलांचा संघ पाठविला. त्याने अंतिम सामन्यात रशियास ४-१ असे हरविले व ईजिप्त तिसरा आला. ब्राझीलच्या मुली तेथे नव्हत्या. मुलींच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालने जपानवर ४-१ असाच विजय मिळविला व तिसरे स्थान स्पेनला गेले.

या मुलींपुढे मोठेपणी खेळावयास काय होते? पुरुषांचा फुटसाल जागतिक चषक १९८९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला होता. स्त्रियांचा तसा चषक २०१८ पर्यंत नव्हताच. तो प्रथम २०२५ च्या अखेरीस फिलिपाइन्समध्ये भरला, म्हणजे पुरुषांच्या मागाहून छत्तीस वर्षांनी. अंतिम सामन्यात पोर्तुगालचा संघ होता, आणि त्याच्या समोर ब्राझीलच्या मुली उभ्या होत्या. चषक ब्राझीलने नेला.